गाडीच्या एसीचा गॅस ‘संपतो’ कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी झाली की पुण्यात जागोजागी ‘एसी गॅस टॉप-अप, वीस मिनिटांत’ अशा पाट्या लागतात आणि दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या तिथे रांगेत उभ्या राहतात. मालक म्हणतो कूलिंग नाही, समोरचा म्हणतो गॅस संपलाय. गॅसचा डबा जोडला जातो, पंधरा दिवस बरं चालतं, पुन्हा तेच. पाऊस पडेपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतात आणि मग मालकच ठरवतो की आता कॉम्प्रेसर गेला. यातल्या बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्रेसर ठणठणीत असतो.

मोटारीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, पुढच्या जाळीमागे त्याची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, ओलावा शोषणारा ड्रायर, दाब एकदम उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, डॅशबोर्डच्या आत हवा गार करणारी कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर अशा बंद वाटेवर तोच गॅस फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा झिरपतो हे खरं, पण त्याने कूलिंग मंदावायला वर्षं लागतात. महिन्याभरात कूलिंग गेलं तर एक तर गॅस कुठून तरी गळतोय, नाहीतर बिघाड गॅसचा नाहीच. हे दोन प्रश्न सुटेपर्यंत डब्याला हात लावू नये. सुरुवातीची तपासणी मालकाला स्वतः करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत.

गाडी सावलीत उभी करा, न्यूट्रलला टाकून हँडब्रेक ओढा. एसी पूर्ण थंडवर, ब्लोअर तीनवर, हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू. पाच-सात मिनिटांनी बॉनेट उघडा आणि डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्यातून बाहेर आलेले ॲल्युमिनियमचे दोन पाइप शोधा, एक बोटाएवढा आणि दुसरा त्याच्या दुप्पट जाड. ओढणी, बाह्या, मोबाइलची वायर पट्ट्यापासून लांब ठेवा. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला हात लावू नका, तो भाजतो. जाड पाइप गार असावा, त्यावर माठासारखं पाणी सुटलेलं असावं. बारीक पाइप कोमट असावा. जाड पाइप असा घामेजलेला असेल आणि तरी आत कोमट हवा येत असेल, तर गॅसचा विषय तिथेच मिटला. गारवा तयार होतोय, तो आत पोचत नाहीये.

मग शोध डॅशबोर्डच्या आत. जुन्या गाड्यांत गरम-थंडचा दांडा बहुधा केबलवर चालतो. केबल क्लिपमधून निसटली की दांडा निळ्यावर दिसतो आणि आतली झडप मात्र अर्धी गरमवर उघडी राहते. हीटरला पाण्याचा व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत तो नीट बंद होत नाही, मग नव्वद अंशांचं इंजिनचं पाणी हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरत राहतं आणि गार केलेली हवा तिथे पुन्हा तापते. इंजिनकडून हीटरला जाणारा रबरी होज जाड कापडाच्या घड्या लावून पक्कडीने दोन मिनिटं हलकेच दाबून धरा. हवा गार झाली तर चोर सापडला. फक्त होज वाळून कडक झालेला असेल तर हा प्रयोग करू नका, तो तडकतो.

दुसरी शक्यता हवाच कमी येण्याची. पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत केबिन फिल्टर कंपनीकडून येतच नसे. गाडी रोज गुलमोहराखाली उभी राहत असेल तर ती जिऱ्याएवढी पानं वायपरखालच्या जाळीतून ब्लोअरमध्ये पडतात, तिथून कूलिंग कॉइलवर जातात आणि कॉइलच्या ओलाव्यावर धुळीसकट थापली जातात. कॉइल उतरवली की त्यावर अक्षरशः नमद्यासारखा थर निघतो. त्याला गॅस काय करणार? फिल्टर असलेल्या गाडीत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो. बाणाची दिशा बघून बसवायचा आणि धुऊन पुन्हा वापरायचा नाही. ब्लोअर फक्त चारवर चालत असेल आणि एक-दोन-तीनवर बंद, तर त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलाय. तो स्वस्तातला भाग आहे. पण तो वरचेवर जळत असेल तर ब्लोअरची मोटर जड झाली आहे किंवा कनेक्टर वितळलाय, तेही बघावं.

डाव्या बाजूच्या पायाखालचा गालिचा ओला होणं हाही याच घरातला प्रकार. कॉइलवरचं पाणी बाहेर सोडणारी नळी त्याच पानांनी आणि चिखलाने बुजते. खालून मऊ प्लॅस्टिकची नळी फिरवून ती मोकळी करावी. सळई खुपसू नये, कारण कॉइल फार लांब नसते. गाडीला आंबट, कोंदट वास येत असेल तर तो ओल्या कॉइलवरच्या बुरशीचा. त्यावर सुगंधी डबी हा उपाय नाही. मुक्कामाला पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवला तर कॉइल वाळते आणि वास हळूहळू जातो.

आता उलट बाजू. जाड पाइप गार नाही. तेव्हा पहिल्यांदा पंखा बघा. गाडी चांदणी चौकाच्या पुढे हायवेला लागली की छान गार आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबली की कोमट, हे लक्षण ज्याला सांगाल तो गॅस म्हणेल. पण गॅसला सिग्नल कळत नाही, हवेला कळतो. धावत्या गाडीत वारा कंडेन्सरमधून जातो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. एसी चालू केल्यावर थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. काही गाड्यांत एसीचा पंखा वेगळा असतो, रेडिएटरचा फिरताना बघून फसू नका. नाही फिरला तर फ्यूज, रिले, कनेक्टर आणि शेवटी मोटरचे कार्बन, या क्रमाने जावं. रिले तपासायला हॉर्नचा त्याच जातीचा रिले काढून तिथे लावून बघतात, एक मिनिटाचं काम.

पंखा फिरतोय म्हणजे बरोबर फिरतोय असंही नाही. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंखा इंजिनकडची गरम हवा पुढे ढकलतो. जाळीसमोर वर्तमानपत्राचा कपटा धरा. तो कंडेन्सरच्या बाजूला ओढला जाऊन चिकटायला हवा. फडफडून बाहेर आला तर वायरी उलट आहेत. कार्बन झिजलेला पंखा फिरतो, पण कपटा धरून ठेवण्याएवढाही जोर त्यात नसतो.

अजून एक फुकटची परीक्षा. एसी चालू ठेवून कंडेन्सरवर झारीने किंवा बाटलीने साधं पाणी सोडा. दोन मिनिटांत आतली हवा गार झाली तर दोष कंडेन्सरच्या हवेचा, म्हणजे पंखा तरी मंद आहे किंवा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती बसली आहे. ही फट पुढून दिसत नाही. नुसता पुढचा भाग धुतलेला कंडेन्सर आरशासारखा चमकतो आणि मागे चिखलाची भिंत असते. कमी दाबाच्या पाण्याने, जमेल तिथे आतून बाहेरच्या दिशेने धुवावं. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला की पापुद्र्यासारखे फिन्स आडवे होतात आणि उरलीसुरली हवाही बंद होते.

पंखा ठीक, तर कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे पट्ट्याच्या पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा-सोडणारा भाग. इंजिन चालू असताना पुली कायम फिरतेच. एसीचं बटण दाबल्यावर ‘टक्’ आवाज होऊन तिच्या पुढची थाळीही फिरायला लागली पाहिजे. जुन्या गाडीचा एक ठरलेला आजार असा: सकाळी घरून निघताना उत्तम, वीस-पंचवीस मिनिटांनी गार हवा बंद, अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू. थाळी आणि पुली यांच्यातली फट बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. घासून घासून ती मिलिमीटरच्या आसपास जाते. थंड असताना क्लचमधल्या तारेच्या कॉइलचं चुंबक (ही कूलिंग कॉइल नव्हे) थाळीला कसंबसं ओढतं. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, करंट कमी होतो, चुंबक दुबळं पडतं आणि थाळी सुटते. बरोबर बंद पडल्याच्या वेळी कॉइलच्या वायरीवर मीटर लावा. बारा व्होल्टच्या वर विजेचा दाब येतोय आणि थाळी मात्र उभी, म्हणजे फट वाढली आहे किंवा कॉइल गेली आहे. कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम भरतो. कॉइल चांगली असेल तर मधला बोल्ट काढून आतली एक पातळ शिम, म्हणजे चकती, कमी करायची आणि फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, फट मोजायची. एवढ्या कामासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलला जातो, हे फार वाईट वाटतं.

वायरीवर विजेचा दाबच येत नसेल तर मागे जावं लागतं: फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलवरचा थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर), शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. इंजिन जास्त तापलं की ईसीएम मुद्दाम एसी तोडतो. कात्रजचा घाट चढताना एसी बंद पडून वर गेल्यावर सुरू होत असेल तर आधी कूलंटची पातळी आणि थर्मोस्टॅट बघा. प्रेशर स्विच गॅस फारच कमी झाला तर क्लच लागू देत नाही, कारण तेल गॅसबरोबर फिरतं आणि गॅस नाही म्हणजे कॉम्प्रेसरला तेल नाही. हा स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर ‘चालू करून दाखवणारे’ कारागीर असतात. त्यांच्या हातात गाडी देऊ नये.

गार होऊन मग बिघडणाऱ्या गाड्यांत आणखी दोन प्रकार आहेत आणि त्यांची हमखास गल्लत होते. पहिल्यात अर्ध्या तासाने हवेचा झोतच कमी होतो, ब्लोअरचा आवाज मात्र तेवढाच. म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ धरला. थर्मिस्टरने शून्याच्या थोडं वर, दोन-चार अंशांना कॉम्प्रेसर तोडायला हवा होता, तो तोडत नाही. किंवा फिल्टर बुजल्याने कॉइलवरून हवाच जात नाही. दुसऱ्यात झोत पूर्ण असतो, पण हवा कोमट होते. एसी बंद ठेवून दहा मिनिटांनी लावला की पुन्हा गार. इथे गॅसमध्ये पाण्याचा अंश आहे. तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठतो, वाट बंद करतो आणि वितळला की सोडतो. याला उपाय एकच: गॅस काढणे, ड्रायर बदलणे आणि नीट व्हॅक्युम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणे.

इथवर सगळं ठीक निघालं तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता धरावी आणि गळती शोधावी. तेल गॅससोबत बाहेर येतं, म्हणून जिथे सांध्यावर तेलकट डागाला धूळ चिकटलेली दिसते तिथून सुरुवात. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे गॅस भरायच्या तोंडातला पिन व्हॉल्व्ह, सायकलच्या ट्यूबसारखा. टोपी हरवलेली, आत धूळ, पिन अर्धवट बसलेली. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला की फुगा धरतो. मग सांध्यांच्या ओ-रिंग. त्या एसीच्याच हव्यात, नळाच्या किंवा पंपाच्या रबरी रिंगा गॅस आणि तेलाने फुगतात. बसवताना तेलाचं बोट लावावं. कंडेन्सर खालच्या कोपऱ्यात खडा लागून किंवा गंजून गळतो. क्लचच्या मागे तेल उडालेलं दिसलं तर शाफ्ट सील. हे सील महिनोन्‌महिने एसी न लावल्याने वाळतं, म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवावा. कूलिंग कॉइलची गळती डोळ्यांना दिसत नाही. पाण्याची नळी तेलकट असणं किंवा ब्लोअरच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर वाजणं, एवढ्यावरूनच ती ओळखावी लागते. डॅशबोर्ड उतरवण्याआधी ही खात्री करून घ्यावी, कारण एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा बिनआवाजाचा बसेल असं नाही.

‘व्हॅक्युम धरला म्हणजे गळती नाही’ हे अर्धसत्य आहे. व्हॅक्युममध्ये बाहेरून आत फक्त वातावरणाचा दाब पडतो, चौदा पीएसआयच्या आत. चालू एसीत तोच सांधा आतून बाहेर दोनशे पीएसआय सोसतो. खरी परीक्षा कोरड्या नायट्रोजनची: दीडशे पीएसआयच्या आसपास भरून तास-दोन तास काटा बघायचा. ऑक्सिजन कदापि नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं.

दुरुस्तीनंतरचा व्हॅक्युम किमान अर्धा तास, आणि सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल तर त्याहून जास्त. पुस्तकात व्हॅक्युमचा काटा ३० इंच (पाऱ्याचे) लिहिलेला असतो, पण ते समुद्रसपाटीचं. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे काटा २८ इंचांच्या आसपास थांबतो. तो पंपाचा दोष नव्हे. मात्र २६ वर अडकला तर काम झालं नाही. तीस अंशांच्या हवेत आतलं पाणी उकळून बाहेर पडायचं तर आत सव्वा इंचाहून कमी दाब उरायला हवा, आणि २६ वर दोन इंच उरलेला असतो.

आता वजनाची गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची. हल्लीच्या बहुतेक जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस आहे. त्याआधीच्या आर-१२ वर चालणाऱ्या गाड्यांचं तेल वेगळं, मिनरल असतं. ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे नुसता गॅस बदलून भागत नाही. एसी बंद असलेल्या, थंड गाडीला गेज लावला आणि हवा तीस अंश असेल तर काटा ९५ पीएसआयच्या आसपास दिसतो. आत शंभर ग्रॅम असो की चारशे, जोवर थोडासा द्रव शिल्लक आहे तोवर काटा तेच सांगतो, कारण तो दाब तापमानाचा असतो, मापाचा नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरचंही असंच: अर्धा आहे की भरलेला हे ज्योतीवरून कळत नाही, उचलून कळतं. म्हणून ‘गेजवर बघून भरला’ हे उत्तर पुरेसं नाही. आत उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, तोलायचा, व्हॅक्युम करायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरायचं. छोट्या गाड्यांत ते चारशे-पाचशे ग्रॅमच्या घरात असतं, मागे वेगळी कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांत बरंच जास्त. स्टिकर फाटला असेल तर मॅन्युअलमधून घ्यावं, शेजारच्या गाडीवरून नव्हे.

जास्त भरलेला गॅस कमी भरलेल्याइतकाच वाईट. पस्तीस अंशांच्या दिवशी, इंजिन दीड हजार आरपीएमवर, लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) ३० ते ४५ आणि हाय साइड (त्यातून निघणारी जास्त दाबाची बाजू) २०० ते २५० पीएसआय हे ढोबळमानाने ठीक. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त, आत हवा शिरलेली किंवा कंडेन्सर थंड होत नाही. इथे आणखी डबा जोडणं म्हणजे आगीत तेल. लो वर आणि हाय खाली, म्हणजे कॉम्प्रेसर दाब करत नाही, आणि हा एकच प्रसंग ज्यात त्याच्यावर संशय घ्यावा. लो जवळजवळ शून्यावर किंवा व्हॅक्युममध्ये गेला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलाय. डबा लो साइडलाच आणि सरळ उभा धरून भरावा. उलटा धरला की द्रव कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि द्रव दाबला जात नाही, व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात. हाय साइडला चालू गाडीत डबा जोडला तर तो हातात फुटू शकतो.

तेलाकडे फारसं कोणी बघत नाही. कंडेन्सर बदलला तर वीस-तीस मिलिलिटर, कूलिंग कॉइल बदलली तर चाळीस-पन्नास, अशी भर घालायची. तेल कंपनीने सांगितलेलं, बहुधा पीएजी नावाचं कृत्रिम तेल, त्याचा नंबरही तोच. पीएजी हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उघडी पडलेली बाटली स्वस्त पडत नाही. कॉम्प्रेसर खरोखर आतून फुटला असेल, पाइपमधून काळं चकचकीत तेल आणि ॲल्युमिनियमचा चुरा निघत असेल, तर नुसता कॉम्प्रेसर बदलू नका. ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे, पाइप फ्लश केलेले, आणि कंडेन्सर नव्या पद्धतीचा, बारीक नळ्यांचा असेल तर तोही नवा, कारण त्या नळ्यांतला चुरा धुऊन निघत नाही. नाहीतर नवा कॉम्प्रेसर तोच चुरा खाईल. जुन्या बाजारातला कॉम्प्रेसर घेणाऱ्यांनी तोंडाच्या टोप्या शाबूत आहेत का, थाळी हाताने गुळगुळीत फिरते का आणि आतलं तेल स्वच्छ आहे का, एवढं बघावं. ड्रायर जुना कधीच घेऊ नये. त्यातले दाणे उघड्या हवेत ओलावा पिऊन बसलेले असतात.

गळती बंद करणारं द्रव्य, डब्यातूनच मिळणारं, याबद्दलही विचारणा होते. ते हवेशी गाठ पडली की घट्ट होतं आणि पुढच्या वेळी गॅस काढणाऱ्या मशीनमध्ये शिरून त्याचं वाटोळं करतं, म्हणून चांगली गॅरेजं अशी गाडी घेत नाहीत. तसंच स्वस्त डब्यात प्रोपेन-ब्युटेन मिसळलेलं असू शकतं. ते गारवा उत्तम देतं, पण पेटतं, आणि कूलिंग कॉइल तुमच्या मांडीपासून हातभर अंतरावर असते. घरच्या एसीचा गॅस गाडीत घालण्याचा विचारही करू नये.

एक विनंती गॅरेजचालकांना आणि एक गाडीमालकांना. गॅरेजने बिलावर ‘एसी गॅस’ एवढंच न लिहिता चार ओळी लिहाव्यात: किती ग्रॅम काढला, किती मिनिटं व्हॅक्युम केला, किती ग्रॅम भरला, गळती कुठे सापडली. आणि जुना गॅस हवेत सोडू नये. आर-१३४ए ओझोनला बाधत नाही हे खरं, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट आहे. एका छोट्या गाडीतले चारशे ग्रॅम म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड. मालकांनी बिल देण्याआधी मधल्या झरोक्यात साधा थर्मामीटर अडकवून दहा मिनिटं गाडी चालवून बघावी. बाहेर पस्तीस असताना आत आठ-बारा अंश दिसले तर काम झालं. आणि बदललेला भाग, ओ-रिंगसुद्धा, हातात मागून घ्यावा.

आपला,
मोटार एसी दुरुस्तीच्या कामातला एक वाचक
पुणे